सालनोट्स झिरो की मूनड्रॉप चू २? (ख्याल, तबला, लोकल आणि पावसाळा)

षड्जपंचम
दोन हजारांच्या आत-बाहेर वायरचा इअरफोन घ्यायचाय. सेव्हन हर्ट्झचा सालनोट्स झिरो आणि मूनड्रॉपचा चू २, या दोघांवर गाडी अडलीये. दोन्ही चार दिवसांसाठी मागून आणलेत. ऐकणं ख्याल, नाट्यसंगीत आणि तबला सोलो. फोनला ३.५ मिमीचं भोक नाही, टाइप-सी डोंगल (जोडणारा छोटा अडॅप्टर) आहे. चू २ भरदार वाटतो, झिरो जरा लांबून वाजल्यासारखा. हा खरा फरक की कानाचा खेळ? वापर रोज लोकलमध्ये, पावसाळ्यातही, तेव्हा टिकेल कोणता?
जाता जाता: आधीच्या जोडीचा (कंपनी तिसरीच) डावा कान बसलाय. आवाज येतो, पण अर्धा. टाकून द्यावी का?

काळी_एक
आधी दोन्हींची पातळी सारखी करा. चू २ हा १८ ओमचा, झिरो ३२ ओमचा, आणि तेवढ्याच व्होल्टेजला चू २ बराच जोरात वाजतो. जोरात वाजणारं कानाला कायम भरदार वाटतं. दीड-दोन डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून कळतच नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून कळतो.

फोनच्या बटणांनी हे जमणार नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनला जेमतेम १५ पायऱ्या असतात आणि एकेक पायरी दोन-तीन डेसिबलची. प्रीअँप (आवाज बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करायची सोय) असलेलं अ‍ॅप वापरा (पॉवरअँपमध्ये आहे). १ किलोहर्ट्झचा सूर लावा, चू २ चा प्रीअँप अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने खाली आणा आणि दोन्ही सारखे वाटले की तो आकडा लिहून ठेवा. सूर १ किलोहर्ट्झचाच घ्या. ८ किलोहर्ट्झच्या आसपास इअरफोन कानात किती खोल बसलाय यावरच पातळी हलते, त्यामुळे तिथे जुळवण्यात अर्थ नाही.

मग टिप (कानात जाणारी रबरी टोपी). दोन्हींना एकाच मापाच्या, शक्यतो त्याच टिपा लावा. ३० हर्ट्झचा सूर लावून जबडा हलवा. सूर येतो-जातो असं झालं तर सील (कानाचं भोक हवाबंद होणं) बसलेलं नाही, मोठी टिप घ्या. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तर खुशाल लावा, कानाची भोकं क्वचितच जुळी असतात. ‘बेस नाही’ या तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतात.

एवढं करूनही फरक उरतो, तो असा. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या गवयाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ ला. झिरोने अगदी खालचा भाग थोडा उचललाय आणि १०० ते २५० चा पट्टा सडपातळ ठेवलाय. म्हणून शब्द, हरकती, दायाँची (तबल्याच्या जोडीतल्या उजव्या तबल्याची) चाट सुटी सुटी ऐकू येते, पण पुरुषी आवाजाचं अंग कमी पडतं. चू २ त्या पट्ट्यात थोडा जास्त मांसल आहे, डग्ग्याची घुमक जास्त पटते. तुम्हाला जे ‘लांबून’ वाटतंय त्यात थोडं हे आहे, बाकीचं पातळीचं.

वरच्या भागात दोघेही ३ किलोहर्ट्झपाशी उठलेले आहेत. तानपुऱ्याची जवारी (तारेचा झंकार) त्यामुळे छान उघडते, पण जुन्या ध्वनिमुद्रणांतली खरखर आणि ‘स’कारही उघडे पडतात. तसलं ऐकताना इक्वलायझरवर ३ किलोहर्ट्झला २-३ डेसिबल खाली घ्या, क्यू (पट्ट्याची रुंदी) १ ठेवा. माझी निवड ख्यालासाठी झिरो, तबला सोलोसाठी चू २. दोन्हींसाठी एकच घ्यायचा तर झिरोला १५० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल चढवून. पातळ आवाज भरता येतो; गढूळ निवळायला जास्त खटपट पडते.

सोल्डरगन
आवाजाचं वर आलंच आहे, मी हाताला लागतं तेवढंच बोलतो.

चू २ चं कवच धातूचं, नोझल (टिप बसते ती नळी) पितळी आणि फिरवून काढता येणारं. जाळी चोंदली तर पूर्ण इअरफोन बाद होत नाही, हा या किमतीत मोठा फायदा. झिरोचं कवच प्लास्टिकचं, वर धातूची पाटी. वजनाला हलका, तासभर घातला तरी कान दुखत नाही, पण जाळी बदलायची तर चिकटवलेली उपटावी लागते. सॉकेट दोन्हींना ०.७८ मिमी टू-पिन. केबल काढताना बूड धरून सरळ ओढा, पिळू नका. सारखी काढघाल केली की सॉकेट सैल होतं आणि एक कान येतो-जातो. केबल गेली म्हणून इअरफोन फेकायचा नसतो, पण नवी घेताना पिना ०.७८ च्याच बघून घ्या, ०.७५ च्या यात ढिल्या बसतात.

लोकलसाठी मी चू २ म्हणेन, कारण ते नोझल.

आता तुमचा बसलेला डावा कान. टाकू नका, आधी हे करा:

१) टिपा अदलाबदल करा. टिपेच्या आत कानातल्या मेणाचा (मळाचा) पडदा धरलेला असतो, तो दिसतही नाही.
२) केबल निघत असेल तर डावी-उजवी बाजू उलट लावा. बारीकपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष केबलचा. तिथेच राहिला तर इअरफोनचा, आणि दहापैकी आठ वेळा जाळीचा.
३) टॉर्च मारून नोझलची जाळी बघा. पिवळट असेल तर मेण. चकाकत असेल तर ओल: पाण्याची पातळ फिल्म भोकं बंद करते आणि आवाज एकदम खाली जातो. पावसाळ्यात एसी डब्यातून बाहेर आल्यावर हे सर्रास होतं.
४) ओल असेल तर सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात २४ तास. हेअर ड्रायर नको, गोंद सुटतो.
५) मेण असेल तर नोझल खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. निघालं नाही तर टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोनच थेंब टाकून नोझल त्यावर उलटं टेकवा, पाच सेकंद, तीन-चार वेळा. टिश्यूवर पिवळा ठिपका उमटला की काम होतंय. अल्कोहोल वरून ओतलं तर विरघळलेलं मेण आत ड्रायव्हरवर (आवाज काढणाऱ्या भागावर) जातं, मग खेळ खलास.

टाचणी, फुंकर, व्हॅक्युम: तिन्ही वर्ज्य.

जाळी फाटलीच तर चिकट पाठीच्या जाळ्या मिळतात. नोझलचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. जाळी नुसती कचरा अडवायला नसते, तिच्या अडथळ्यावर मधल्या पट्ट्याच्या वरच्या भागाची (३ किलोहर्ट्झच्या आसपासची) पातळी ठरते. एकीकडे जुनी, एकीकडे नवी ठेवलीत तर गायक एका खांद्यावर जाऊन बसेल.

डोंगलवाला
वरच्या दोन्हींना एक जोड. केबल उलट लावून तपासताना टू-पिनचा प्लग १८० अंशात फिरवून बसवू नका. एका बाजूची ध्रुवता (प्लस-मायनस) उलटली की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांविरुद्ध ढकलतात. बेस गायब, आवाज डोक्याच्या मधोमध न बसता पसरतो, आणि माणूस पुन्हा जाळीवर संशय घेतो.

डोंगलचं म्हणाल तर हे दोघेही एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचे, साधा डोंगल पुरतो. आउटपुट इंपिडन्सचा (डोंगलच्या आतल्या विद्युत अडथळ्याचा) बाऊ अनेक बॅलन्स्ड आर्मेचरवाल्यांसाठी (वेगळ्या जातीचे छोटे ड्रायव्हर असलेल्या इअरफोनसाठी). फक्त अ‍ॅपलचा डोंगल काही अँड्रॉइड फोनवर फारच हळू वाजतो, तो घेणार असाल तर आधी लावून बघा. आणि ‘सिल्व्हर प्लेटेड केबलने तानपुरा उजळतो’ असं कुणी सांगितलं तर त्या पैशांच्या टिपा घ्या.

षड्जपंचम
पातळी जुळवली. चू २ प्रीअँपवर ८.५ डेसिबल खाली आणावा लागला! झिरो आता लांब वाटत नाही. जुन्या जोडीच्या टिश्यूवर पिवळे ठिपके उमटतायत. पण झिरो कानात घालताना डाव्या बाजूला ‘टक’ असा आवाज येतो, तो काय?

सोल्डरगन
ड्रायव्हर फ्लेक्स. टिप घट्ट, आतली हवा कोंडून पडद्याला दाबते आणि पडदा वाकतो. पडदा परत जागेवर येतो तोवर काळजी नाही. कानाची पाळी वर-मागे ओढून सावकाश घाला. तरीही टकटकला तर डावीकडे एक माप लहान टिप लावा आणि ३० हर्ट्झची चाचणी पुन्हा करा.