मॉर्टगेज, ताबेगहाण, इकरार सगळं एकच का?

तासगावचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. घरासाठी लोन काढतोय, बँकेच्या कागदावर जिकडं तिकडं मॉर्टगेज लिहिलंय. त्यात आजोबांच्या ट्रंकेत १९७९ चं ताबेगहाणाचं खत सापडलं, एक एकर गावातल्याच एकाला दिलेली, आज त्यांची पोरं तिथं द्राक्षं काढतायत आणि म्हणतात ३० वर्षं उलटली आता जमीन आमची. शिवाय सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा इकरार आहे तो वेगळाच. मॉर्टगेज हा शब्द तरी आला कुठनं?

मिरज_दिवाणी:
दादा, जुन्या फ्रेंचमधनं इंग्लंडात गेलेला शब्द, मॉर्ट म्हणजे मेलेलं आणि गेज म्हणजे तारण. तिकडं पूर्वी दोन प्रकार असायचे, एकात सावकार जमीन कसायचा आणि पिकाचे पैसे कर्जातनं वजा व्हायचे ते जिवंत तारण, दुसऱ्यात पीक सावकारानं खायचं आणि कर्ज जिथल्या तिथं, ते मेलेलं. पुढं पंधराव्या शतकात लिटलटन नावाच्या न्यायाधीशानं वेगळंच कारण दिलं, पैसे फिटले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली, फिटले तर सावकाराला मेली.

आपल्याकडं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५८ ला गहाणाचे सहा प्रकार आहेत. घराला बँक बहुतेक मूळ कागद ठेवून घेते, ताबा तुमच्याकडंच. ताबेगहाणात ताबा आणि पीक समोरच्याकडं, पण मालकी तुमचीच हो! पीक नुसतं व्याजापोटी का मुद्दलापोटीपण हे खतात बघा, सगळं त्यावर अवलंबून आहे.

३० वर्षांचं म्हणाल तर मुदतीच्या कायद्यात तसं आहे, पण ताबेगहाणाला ती खताच्या तारखेपासनं धरत नाहीत, पिकातनं कर्ज फिटलं किंवा तुम्ही उरलेले पैसे देऊ केले किंवा कोर्टात भरले की तिथनं सुरू. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला हे स्पष्ट केलंय. नुसती वर्षं गेली म्हणून जमीन त्यांची होत नाही, घाबरू नका.

सोसायटी_सचिव_पलूस:
इकरार म्हणजे गहाण नव्हे. सभासद पीककर्जासाठी लिहून देतो, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम ४८, त्यानं जमिनीवर कर्जाचा बोजा चढतो. बाकी असताना परस्पर विकली तर तो व्यवहारच रद्दबातल. कर्ज फिटलं की बेबाकीचा, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला घ्या, तलाठ्याकडं द्या आणि फेरफार मंजूर होऊन बोजा उतरला का ते स्वतः बघा, लोक इथंच ढिले पडतात.

विट्याची_ताई:
आमच्या आत्याच्या कागदावर मुदत खरेदी आहे, ते पण गहाणच ना?

मिरज_दिवाणी:
ताई, मुदत खरेदी म्हणजे अटीवरची विक्री. पैसे परत केले की जमीन परत ही अट त्याच खतात लिहिलेली असेल तरच गहाण म्हणून दावा टिकतो. अट वेगळ्या कागदावर असली तर कायदा त्याला गहाण मानत नाही. पूर्ण खत वाचा, पाठीमागची पानं पण.