मदत हवी आहे: उपग्रहाच्या जागेवर गेलो, सगळं जुळलं, मासळी नाही

जयगडचा_भाचा (मंगळवार, रात्री ९:१०)
लवकर उत्तर द्या, पहाटे बोट काढायची आहे.

रविवारी उपग्रहाच्या पत्रकातली (मासळी कुठे मिळेल ते सांगणारं पत्रक) जागा जीपीएस मशीनमध्ये टाकून गेलो. दिशा जुळली, अंतर जुळलं, खोलीसुद्धा जुळली. जाळी टाकून चार तास थांबलो. ओढली तर दोन टोपल्याही भरल्या नाहीत. मामा सगळ्या खलाशांसमोर म्हणाला, "बर्फाचे पैसे आता तुझ्या उपग्रहाकडून घेऊन ये." मागच्या वर्षी याच पत्रकावर दोनदा चांगला बांगडा लागला होता, म्हणून मीच हट्ट धरला होता.

यंदा पत्रकच चुकीचं येतंय का? दुसरं खात्रीचं ॲप आहे का? 'समुद्र आहे, चालायचंच' असली उत्तरं नकोत.

खारा_वारा (९:२२)
समुद्र आहे, चालायचंच.

बरं, गंमत सोडा. जाळी कसली? टाकलीत किती वाजता? पत्रक कुठल्या दिवसाचं? ग्रुपवर फिरत आलेलं जुनं तर नव्हतं?

जयगडचा_भाचा (९:२५)
शनिवारी संध्याकाळचं, ताजं. बाकी काही महत्त्वाचं नाही. जागा चुकलेली नाही हे आधीच लिहिलंय.

चिकित्सक (९:३१)
एक दुरुस्ती. सगळे सरसकट 'इस्रोचं पत्रक' म्हणतात, ते इस्रोचं नसतं. ते हैदराबादची इन्कॉइस ही संस्था काढते. १९९९ साली स्थापन झाली, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येते. इस्रो उपग्रह सोडतं आणि त्याची निरीक्षणं देतं. पाण्याच्या तापमानासाठी परदेशी उपग्रहही वापरले गेले आहेत. श्रेय आणि शिव्या योग्य पत्त्यावर जाव्यात.

जयगडचा_भाचा (९:३३)
बरं, हैदराबाद. आणि इस्रो मी लिहिलंच नव्हतं. मासळी तरी नाहीच.

वाळूतला_देवगडकर (९:४०)
आमच्या बापाशीन जन्मात उपग्रह बघूक नाय. पाण्याचो रंग बघी, पाखरां खंय झेप मारतत ता बघी आणि थंय जाळा टाकी. मशीन काय तुका मासे सांगतला?

निवृत्त_मास्तर (९:५२)
देवगडकर, तुमचे वडील जे करायचे तेच उपग्रह करतो, फक्त जरा उंचावरून. तोही पाण्याचा रंगच बघतो. जिथे खालचं थंड, खाद्य असलेलं पाणी वर येतं तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पाण्यात हिरवी झाक येते. त्या खायला बारीक जीव येतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, आणि त्यांच्यामागे मोठे मासे. थंड आणि कोमट पाणी जिथे एकमेकांना भिडतं ती रेघ आणि ही हिरवी झाक एकत्र दिसली की ती जागा पत्रकात जाते.

रंग बघण्यासाठी इस्रोचा पहिला ओशनसॅट मे १९९९ मध्ये गेला, दुसरा सप्टेंबर २००९ मध्ये. तिसरा २६ नोव्हेंबर २०२२ ला पीएसएलव्ही-सी५४ रॉकेटवरून. आधीच्या दोघांचा कॅमेरा आठ रंगपट्ट्यांचा होता, तिसऱ्याचा तेरा. चित्रातला एक ठिपका म्हणजे ३६० मीटर. ढग आले की खालचं काही दिसत नाही. पावसाळी बंदीत आणि समुद्र खवळलेला असताना पत्रक निघतच नाही, तेव्हा 'साइट बंद पडली' म्हणून फोन करू नयेत. (माझ्या मेव्हण्याने केला होता.)

थोडक्यात, उपग्रहाला मासा दिसत नाही. खाणावळ उघडी आहे एवढं दिसतं. गिऱ्हाईक आत आहे की नाही, ते नाही.

ट्रॉलरवाली_ताई (१०:०१)
आणि गिऱ्हाईक कुठल्या मजल्यावर बसलंय तेही नाही. आमचा ट्रॉलर. तळाची कोळंबी ओढणाऱ्याला या पत्रकाचा फारसा उपयोग नाही, ते वरच्या पाण्यातल्या मासळीचं आहे. म्हणून विचारते भाऊ, जाळी कसली? खारा_वाराने मघाशीच विचारलंय.

जयगडचा_भाचा (१०:०४)
गिलनेट, वरच्या पाण्यात सोडायची जाळी. झालं समाधान? मागच्या वर्षीही हीच जाळी, हीच बोट, हाच मामा.

रापणीचा_दोर (१०:०९)
पत्रक-बित्रक सोडा. मासळी राहिलीय कुठे? आत पर्ससीनची मोठी जाळी, बाहेर एलईडी दिवे लावणाऱ्या बोटी. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात दिवाळी दिसते. उपग्रहाला त्या बोटींचे दिवे दिसत नाहीत काय?

पर्ससीनवाला (१०:१३)
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आम्ही परवाना काढतो, हद्द पाळतो. एलईडीवाल्यांचं खापर दर वेळी आमच्या डोक्यावर.

रापणीचा_दोर (१०:१४)
हद्द पाळता? हसू आलं.

खारा_वारा (१०:१६)
यासाठी वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसादांचा. तिथे जा दोघेही.

खुला_डेटा (१०:२१)
मूळ चूक तयार पत्रकावर विसंबण्यात आहे. भारतीय अंतराळ धोरण २०२३ प्रमाणे एक ठिपका ५ मीटर किंवा त्याहून मोठा असलेली ढोबळ चित्रं सगळ्यांना मोफत खुली आहेत. इस्रोच्या भूनिधी साइटवर खातं उघडा, ओशनसॅटचं क्लोरोफिल (तीच हिरवी झाक) उतरवून घ्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचा थर वर टाका, रेघा स्वतः काढा. पायथनची स्क्रिप्ट हवी तर देतो.

ट्रॉलरवाली_ताई (१०:२४)
तांडेल एका हाताने सुकाणू धरेल आणि दुसऱ्याने पायथन?

खुला_डेटा (१०:२७)
हसा. पण एवढ्या मेहनतीचं फळ शेवटी व्हॉट्सॲपवरच्या अस्पष्ट फोटोत मिळणार असेल, तर कच्चा माल हातात असलेला बरा. माहिती खुली झाली की तिचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

निवृत्त_मास्तर (१०:३०)
खुली होणं आणि बोटीवर पोचणं यात अंतर असतं हो. पत्रक मराठीत, बंदराच्या नावासकट येतं ते त्यासाठीच. नाहीतर 'क्लोरोफिल ०.८' वाचून कोण जाळं टाकणार?

तिरपी_रेघ (१०:३८)
भाचे, मी बारा वर्षं जहाजावर होतो, म्हणून 'सगळं जुळलं' या शब्दांची भीती वाटते. पत्रकातली जयगडची ओळ जशीच्या तशी इथे लिहा. खाली मशीनमध्ये काय टाकलंत आणि मशीनवर काय दिसलं ते. आकडे, शब्द नकोत.

जयगडचा_भाचा (१०:४५)
शेवटचं लिहितो.
पत्रक: जयगड, दिशा नैऋत्य, २५५ अंश. अंतर ३८-४२. खोली ३५-४०. अक्षांश १७ १२ ३५, रेखांश ७२ ५० २०.
मशीनमध्ये: १७.१२३५ आणि ७२.५०२०.
मशीनवर: रोख २५५, अंतर ४१, खोली ३७.
सांगा आता काय चुकलं.

तिरपी_रेघ (१०:४७)
४१ काय? ३७ काय?

जयगडचा_भाचा (१०:४८)
४१ म्हणजे ४१. मैल. बोटीवर सगळे मैलच बोलतात.

तिरपी_रेघ (१०:४९)
पत्रकात किलोमीटर असतात. आणि ३७?

जयगडचा_भाचा (१०:५५)
थांबा, मामाला विचारतो.

वाव, म्हणजे खोलीचं जुनं माप. मामाने मशीन वावांवर लावून घेतलंय, त्याला मीटर कळत नाही.

ट्रॉलरवाली_ताई (१०:५६)
अगो बाई.

तिरपी_रेघ (११:१२)
कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. आता सगळ्यांनी बघा, असं पुन्हा बघायला मिळणार नाही.

पत्रकातले आकडे अंश, मिनिटं, सेकंद असे असतात. १७ अंश, १२ मिनिटं, ३५ सेकंद. ६० मिनिटांचा अंश, ६० सेकंदांचं मिनिट. म्हणजे नुसत्या अंशांत तो आकडा १७.२०९७ होतो, १७.१२३५ नाही. रेखांश ७२.८३८९ होतो, ७२.५०२० नाही. मध्ये टिंब ठोकून आकडे चिकटवल्यामुळे तुम्ही साडेनऊ किलोमीटर दक्षिणेला आणि जवळजवळ ३६ किलोमीटर पश्चिमेला सरकलात.

खरी जागा जयगडपासून सुमारे ४० किलोमीटरवर, रोख २५५. तुमची चुकलेली जागा सुमारे ७७ किलोमीटरवर, म्हणजे ४१ सागरी मैल (एक मैल १.८५२ किलोमीटर). आणि रोख? तोही २५५. दोन्ही जागा एकाच रेघेवर पडल्या. ३७ वाव म्हणजे जवळपास ६८ मीटर. पत्रक सांगत होतं ३५ ते ४० मीटर.

आकडे तिन्ही जुळले, त्यातली दोन मापं निराळी. रविवारी तुम्ही बरोबर जागेवरूनच गेलात. फक्त थांबला नाहीत. पुढे अजून वीस मैल गेलात.

खारा_वारा (११:१४)
आठच्या वेगाने अडीच तास. मासळीच्या डोक्यावरून.

चिकित्सक (११:१६)
'मासळीच्या डोक्यावरून' हे सिद्ध होत नाही. पत्रकातल्या जागेवरून, एवढंच म्हणता येईल.

जयगडचा_भाचा (११:२०)
पण मागच्या वर्षी असेच आकडे टाकले होते!

तिरपी_रेघ (११:२१)
त्याच मशीनवर?

जयगडचा_भाचा (११:२३)
मशीन दिवाळीत नवीन घेतलं. जुन्यात तीन वेगळी घरं होती, आकडे तीन वेळा टाकायला लागायचे. यात एकच लांब घर आहे. मला वाटलं नवीन म्हणून सोपं केलंय.

ट्रॉलरवाली_ताई (११:२५)
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर पर्ससीनवाल्यांचं भांडण टळलं असतं.

तिरपी_रेघ (११:२८)
सेटिंगमध्ये 'पोझिशन फॉरमॅट' शोधा. तिथे अंश-मिनिट-सेकंदाचा पर्याय असतो, तो लावा. त्याच्या शेजारीच अंश आणि मिनिटांचे दशांश असाही एक पर्याय असतो. तो चुकून लागला तर घोटाळा किलोमीटरच्या आतला, गिलनेटला चालून जाईल. पण नकोच. आणि रविवारचे आकडे उद्या वापरू नका. ती रेघ वाऱ्याने आणि प्रवाहाने सरकते. आजचं पत्रक घ्या.

वाळूतला_देवगडकर (११:३१)
वाव बरोबर आसा. मीटर कोणी हाडलो?

लाटेवरचा_दिवा (११:४४)
जरा वेगळं विचारतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातून एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना सुरू झाली ना, त्यात ही जागा थेट बोटीवर येते म्हणे. मग हे आकडे टाकायचं झंझटच नको. आमच्याकडे अर्ज देऊन पाच महिने झाले. तीनदा 'पुढच्या आठवड्यात या' ऐकलं.

निवृत्त_मास्तर (११:५०)
मुख्य उपयोग संकटात संदेश पाठवायचा. मोबाईलची रेंज संपल्यावरही उपग्रहातून दोन्ही बाजूंनी निरोप जातो-येतो, वादळाचा इशारा मिळतो. त्याआधी २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं उपकरण आलं होतं, ते खोल समुद्रात मासळीच्या जागा आणि इशारे पोचवण्यासाठीच होतं. पण ते एकतर्फी. बोटीला ऐकू येणार, बोटीला बोलता येणार नाही.

लाटेवरचा_दिवा (११:५२)
ते ठीक. अर्जाचं काय करू?

खुला_डेटा (१२:०५)
भाचे, स्क्रिप्टमध्ये अंश-मिनिटांचं रूपांतरही आहे. पाठवू?

जयगडचा_भाचा (गुरुवार, संध्याकाळी ६:३०)
काल पहाटे नवीन पत्रक घेऊन गेलो. सेटिंग बदललं. मामाला काहीच सांगितलं नाही. २१ मैलांवर 'थांब' म्हटलं तर म्हणाला, "इतक्या जवळ?" पाणी मात्र बदललेलं होतं. एका बाजूला निळं, दुसरीकडे गढूळ हिरवट, आणि मध्ये फेसाची रेघ. मामा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला, मग स्वतःच जाळी सोडायला सांगितली.

सात टोपल्या बांगडा, थोडी तारली. लॉटरी नव्हे, पण डिझेल सुटलं, बर्फही.

येताना मशीनची खोली मीटरवर लावली तर मामा ओरडला. परत वाव केलं. पत्रकाच्या मागे पेनाने लिहून ठेवलंय: ४० मीटर म्हणजे २२ वाव.

तिरपी_रेघ दादा, आभार. आधी तिरकस बोललो, माफ करा.

वाळूतला_देवगडकर (६:४१)
फेसाची रेघ! आमचो बापूस ताच बघी.

हर्णैचा_नवा (७:१५)
आमच्या मशीनवर ते 'पोझिशन फॉरमॅट' कुठे सापडतं? लवकर सांगा, पहाटे निघायचं आहे.

खारा_वारा (७:१६)
मशीन कुठलं?