मदत हवी आहे: स्पॅम मुख्य सर्व्हर सोडून बॅकअपवर येतोय

नमस्कार मंडळी. सांगलीत हळद-बेदाण्याच्या एका पेढीचं मेल सर्व्हरचं काम मी बघतो. आमच्या डोमेनला दोन एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणाऱ्या नोंदी) आहेत, मुख्य १० आणि बॅकअप २०. नियमाप्रमाणे लहान आकड्याच्या सर्व्हरकडे आधी जायचं. पण मुख्य सर्व्हर ठणठणीत चालू असतानाही घाऊक स्पॅम पाठवणारे सरळ २० वर धडकतात.

बॅकअप बाहेरच्या होस्टिंगवाल्याकडे आहे. आमच्याकडे कोणते मेलबॉक्स आहेत हे त्याला माहीत नाही, म्हणून तो आलेलं सगळं घेतो आणि आमच्याकडे ढकलतो. आमच्या सर्व्हरला आयपी दिसतो बॅकअपचा, त्यामुळे एसपीएफ (त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची त्या आयपीला परवानगी आहे का) आणि ब्लॅकलिस्टची (स्पॅमसाठी बदनाम आयपींच्या यादीची) तपासणी वाया जाते. नसलेल्या पत्त्याचा मेल आम्ही नाकारला, की बॅकअप बाउन्स (मेल पोहोचला नाही असा परतीचा मेल) पाठवतो, तोही ज्याचं नाव खोटं वापरलंय त्या बिचाऱ्याला. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

बॅकअप काढूनच टाकावा असं माझं मत आहे. आमचा सर्व्हर बंद असला तरी पाठवणाऱ्या सर्व्हरने निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, असं आरएफसी ५३२१ (मेल पोहोचवण्याच्या पद्धतीचं मानक) सांगतं. पण मालकांना २०१९ चा महापूर आठवतो. पाणी त्याहून जास्त दिवस राहिलं तर सौद्याचे मेल परत जातील, ही त्यांची भीती खोटी नाही.

बॅकअपवर पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर आहे. तिथे रिले रेसिपियंट मॅप्समध्ये (कोणत्या पत्त्यांचा मेल पुढे पाठवण्यासाठी घ्यायचा ते ठरवणारी सेटिंग) आमच्या पत्त्यांची यादी देऊन कोणी हे थांबवलंय का? यादी ताजी कशी ठेवता? एसपीएफची तपासणी बॅकअपवरच करून घेता का?