व्यसनमुक्ती केंद्रातून परतणाऱ्या मुलासाठी घरात नॅलोक्सोन ठेवावे का?

रामबागची आत्या, इंदूर: माझा भाचा ब्राऊन शुगर या अफूजन्य नशेवरचे उपचार पूर्ण करून पुढच्या आठवड्यात घरी येत आहे. त्या नशेची मात्रा जास्त झाली तर उतारा म्हणून द्यायचे नॅलोक्सोनचे इंजेक्शन जवळ असावे असे वाचले, म्हणून राजवाड्याजवळच्या मेडिकलवर चौकशी केली, तर दुकानदाराने मलाच संशयाने न्याहाळले. हे औषध अमली पदार्थांच्या कायद्यात येते का? आणि बरा होऊन आलेल्या मुलासाठी ते हवेच कशाला?

निवृत्त भूलतज्ज्ञ: ताई, ते नशा आणणारे औषध नाही, त्यामुळे १९८५च्या कायद्याची भीती बाळगू नका, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी लागते. शस्त्रक्रियागृहात आम्ही ते नेहमी हाताशी ठेवत असू. अफूजन्य द्रव्य मेंदूतल्या ज्या ठिकाणी चिकटून श्वास मंदावते, तिथून ते त्याला हुसकावून लावते. अमेरिकेत २०२३पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना मिळतो, आणि ज्या माळव्यात मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफू पिकते, तिथे तिचा उतारा मात्र मेडिकलवर मागायची चोरी!

व्यसनमुक्ती समुपदेशक: आत्याबाई, खरा धोका घरी आल्यावरच असतो. उपचारांच्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, आणि मोहाच्या क्षणी मुलगा पूर्वीचीच मात्रा घेतो. ती आता त्याला झेपत नाही. म्हणून नशेची ओढ आवरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना आधी विचारा. माझ्या मते इंजेक्शनहून हा प्रश्न मोठा आहे. इंजेक्शन कुठे ठेवले आहे आणि कसे द्यायचे, हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक हवे, कारण बेशुद्ध माणूस ते स्वतःला टोचून घेऊ शकत नाही.

रामबागची आत्या, इंदूर: पण मात्रा जास्त झाली आहे हे नेमके ओळखायचे कसे? आमच्याकडे नशा चढली की लिंबू नाहीतर ताक पाजतात.

निवृत्त भूलतज्ज्ञ: बेशुद्धाला काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. हलवूनही जाग येत नाही, श्वास अडखळतो किंवा घोरल्यासारखा घरघरतो, ओठ निळसर पडतात आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, असे दिसताच १०८ला फोन करा, तोंडाने श्वास द्या आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मांडीच्या स्नायूत इंजेक्शन द्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्या. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही, पण शंका असली तरी दिल्याने सहसा अपाय होत नाही. शुद्धीवर येताच मुलगा चिडेल, दवाखान्यात यायला नकार देईल. तरी न्याच, कारण औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि द्रव्य त्याहून अधिक काळ शरीरात राहिले, तर श्वास पुन्हा बंद पडू शकतो.