'माझा वेळ संपला' की 'माझी वेळ संपली'?

तिठा
न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. या वेळी त्यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरी (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) डिबेटचा एक तुकडा दिला होता, २७ जून २०१९, मायामी. तो बघायचा आणि खाली मराठी ओळी लिहायच्या. कमला हॅरिस बायडन यांना बसिंगवरून, म्हणजे मुलांना मुद्दाम दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत बसने पाठवण्यावरून, धारेवर धरतात तो भाग. आपण नागरी हक्कांसाठी काय काय केलं ते बायडन सांगत असतात, मतदानाच्या हक्कापाशी येतात, वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि म्हणतात, 'एनीवे, माय टाइम इज अप. आय अ‍ॅम सॉरी.'
एका मुलीनं लिहिलं, 'असो, माझी वेळ संपली. माफ करा.' मी बरोबरची खूण केली. संध्याकाळी दुसऱ्या एका मुलाच्या बाबांचा निरोप आला: 'वेळ संपला' हवं, तुम्ही मुलांची चूक पक्की करताय. मला दोन्ही बरोबर वाटतात, पण अर्थ एक वाटत नाही. तुम्ही काय लिहाल?

पाणपोई
बाबांचं बरोबर आहे. पुल्लिंगी वेळ म्हणजे मोजून मिळणारा: वेळ लागला, वेळ गेला, वेळ काढला. स्त्रीलिंगी वेळ म्हणजे नेमका क्षण: गाडीची वेळ झाली, औषधाची वेळ टळली. 'फार वेळ झाला' म्हणजे उशीर झाला, 'वेळ झाली' म्हणजे निघा. बायडनना सेकंद मोजून मिळाले होते, ते संपले. माझा वेळ संपला.

गावठाण
मग दवाखान्यात 'भेटण्याची वेळ संपली' म्हणतात ते काय? चार ते सहा हा काही क्षण नाही, चांगले दोन तास आहेत, तरी स्त्रीलिंगी. ठरवून दिलेला अवधी असला की 'वेळ' बाई होते. मुलीचं चूक नाही.
घोळ होतो तो 'माझी'मुळे. आमचे आजोबा विहिरीत उतरले असताना दोर तुटला आणि ते कपारीला धरून राहिले. आजी ती गोष्ट दर वेळी एकाच वाक्यानं संपवायची: 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती.' माणसाची वेळ म्हटलं की मला तीच ऐकू येते.

उंबरठा
मुळाशी जाऊ या. संस्कृत 'वेला' स्त्रीलिंगी, अर्थ तीर, मर्यादा, समुद्र जिथे थांबतो ती रेघ. वेळास, वेळणेश्वर ही किनाऱ्यावरची गावं बघा. म्हणजे स्त्रीलिंगी वेळ ही काठ आहे. काठ संपत नाही, काठ येतो. म्हणून 'माझी वेळ झाली' किंवा 'आली' चालेल, 'संपली' कधीच नाही.

गावठाण
उंबरठा, वेळू म्हणजे बांबूही आहे की. किनाऱ्यावरची सगळी गावं एका शब्दात कोंबू नका. आणि शब्द आज काय करतो ते त्याच्या खापरपणजीला विचारून ठरत नाही.

सुपारी
यावर आपल्याकडे तयार शब्द आहे: घटका भरली. आत्याच्या लग्नात गुरुजींनी घंगाळात तांब्याची वाटी सोडली होती, तळाला सुईनं पाडल्यासारखं भोक. पाणी वाटीत चढताना अजिबात आवाज नाही. वाटी जडावत खाली खाली जाते, काठ पाण्याला टेकतो आणि क्षणात ती तळाशी. आम्हा मुलांना काम होतं डोळे न हलवता बघत बसायचं आणि 'भरली!' म्हणून ओरडायचं.
एक घटका २४ मिनिटांची, तिची ६० पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं. त्या डिबेटमध्ये उत्तराला ६० सेकंद होते, प्रत्युत्तराला ३०. म्हणजे अडीच पळं आणि सव्वा पळ! 'माझी पळं भरली' असं लिहिलं तर?

पाणपोई
घटका भरली म्हटल्यावर मरण आठवतं. पळं कुणाला कळणार नाहीत. बायडन साधं बोलले, साधंच ठेवा.

दिवेलागण
ते साधं बोलले, पण ऐकणाऱ्यांनी ते साधं राहू दिलं नाही. बायडन तेव्हा ७६ वर्षांचे. त्याच संध्याकाळी दुसरे एक उमेदवार एरिक स्वॉलवेल त्यांना म्हणाले होते की आता मशाल पुढच्या पिढीकडे द्या, आणि बायडननी उत्तर दिलं होतं, मी अजून ती धरून आहे. त्यानंतर 'माय टाइम इज अप'. मी त्या रात्री जागून बघत होते आणि अंगावर काटा आला होता. इंग्रजीला लिंग नाही, म्हणून सेकंद आणि सद्दी दोन्ही एका वाक्यात मावतात. मराठीत 'माझा' किंवा 'माझी' म्हटलं की दोनातलं एक दार बंद. मुलीच्या 'माझी वेळ'मध्ये दुसऱ्या अर्थाची चाहूल तरी राहते.
बरोबर पाच वर्षांनी, २७ जून २०२४ ला, अटलांटाला बायडन-ट्रम्प डिबेट झाली. २१ जुलैला बायडननी माघार घेतली आणि उमेदवार झाल्या हॅरिस.

गावठाण
२०२४ चं २०१९ च्या तोंडी घालू नका. मधे २०२० ला ते जिंकलेत. मला विचाराल तर त्या रात्री त्यांनी 'वेळ मारून नेली'. हीसुद्धा स्त्रीलिंगीच!

कंदील
मूळ निवेदनात 'प्रायमरी डिबेट' वाचून वाईट वाटलं. मराठी शाळेच्या बाईंनीच असं लिहिलं तर मुलांनी काय घ्यायचं? 'पक्षांतर्गत वादसभा' म्हणा.

तिठा
कंदीलकाका, 'प्राथमिक निवडणूक' म्हणून पाहिलं, मुलं म्हणाली प्राथमिक शाळेतली का. 'पक्षांतर्गत' मला पटतं, पण तेवढ्यानं काम भागत नाही. इथे मत देणारे पदाधिकारी नसतात, साधे मतदार असतात.

उंबरठा
वादसभाही नको. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, बोलण्याचे तीन प्रकार आहेत. सत्य कळावं म्हणून बोलतात तो वाद, जिंकायला बोलतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडणं म्हणजे वितंडा. व्यासपीठावर दहा उमेदवार आणि प्रत्येकाला मिनिटभर, हा जल्प झाला.

सुपारी
'निवडणूक' शब्दच किती नेमका आहे. सुपात तांदूळ घेऊन खडे निवडतात ना, प्रायमरी म्हणजे तेच. 'निवडटिपण' म्हणता येईल.

कंदील
'निवडटिपण' सुंदर. मी उद्यापासून वापरणार.

पाणपोई
आणि 'उमेदवार'चं काय करणार? तो फारसी. जो शब्द लोकांच्या तोंडी आहे तो आपला. प्रायमरी तशीच राहू द्या.

दिवेलागण
त्यापेक्षा बसिंगचं बघा. 'बसने शाळेत नेणे' लिहिलं तर भांडण कशाचं तेच कळत नाही. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या राहू नयेत म्हणून मुलांना मुद्दाम दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवत. बर्कलीनं १९६८ ला ते आपणहून सुरू केलं आणि हॅरिस त्या बसमध्ये बसल्या. बायडन म्हणत होते, माझा विरोध वरून, केंद्राकडून लादलेल्या बसिंगला होता. 'बस-मिसळ' वगैरे करू नका, 'बसिंग' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन वाक्यांत समजावून सांगा.

तिठा
सगळ्यांचे आभार. आज त्या मुलीला विचारलं, 'माझी वेळ संपली' कुठून आलं. म्हणाली, घरी आजी आयपॅडला रोज अर्धा तास देते. अर्धा तास झाला की हात पुढे करते आणि म्हणते, 'तुझी वेळ संपली, आण इकडे.' मी खूण खोडलेली नाही.

पाणपोई
आजी मूळच्या कुठल्या?

तिठा
बार्शीच्या.

पाणपोई
बार्शी-सोलापूरकडचं कुणी आहे का इथे? तिकडे मोजून दिलेल्या वेळेलाही सर्रास 'वेळ संपली'च म्हणतात का?