ड्रेन पंप बदलला तरी डिशवॉशरमधलं पाणी जात नाही. मदत हवी आहे (गणेश चवथीपूर्वी!)

घाईतला_फोंडेकर
डिशवॉशरमधलं पाणी बाहेर पडत नाहीये. ऑनलाइन ड्रेन पंप मागवला, व्हिडिओ बघून बसवला, तरी तेच. तळाला गढूळ पाणी साचून राहतं आणि स्क्रीनवर एरर येतो. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो. इथे चवथ तोंडावर आलीय, घर पाहुण्यांनी भरणार आहे. आता कुठला पार्ट मागवू, पीसीबी (मशीनचं कंट्रोल बोर्ड)? 'टेक्निशियन बोलवा' असं कृपया कुणी लिहू नका.

ओहममीटर
एरर कुठला? मॉडेल नंबर काय? दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर बघा. पंपाचा आवाज येतो का? पाणी अजिबातच जात नाही की थोडं जातं? एवढं कळल्याशिवाय पीसीबीचं नावही काढू नका. महागाचा पार्ट आहे, आणि पाकीट फोडलं की बरेच दुकानदार परत घेत नाहीत.

कुळागर
फिल्टर काढा, दुसरं काही नसणार. आमच्याकडे वाटपाचं खोबरं जाळीत असं घट्ट बसतं की पाणी झिरपतसुद्धा नाही. जुना टूथब्रश आणि गरम पाणी घ्या. नंतर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओता.

ओहममीटर
सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस येतो आणि दोघांचाही जोर जातो. खोबरं त्याने विरघळत नाही. व्हिनेगर वारंवार वापरलं तर रबराच्या सीलनाही बरं नव्हे.

कुळागर
माझं मशीन त्यावरच चालतंय. पुस्तकी ज्ञान वेगळं, साहेब.

घाईतला_फोंडेकर
फिल्टर स्वच्छ आहे, ते पहिल्याच दिवशी बघितलं. पंप घूं घूं आवाज करतो पण पाणी हलत नाही. एरर 'ई' आणि पुढे दोन आकडे.

पणजीची_काकी
अरे बाबा, चवथीला आम्ही केळीच्या पानावर जेवतो. पानं गोठ्यात गेली की काम संपलं. उरली खतखत्याची टोपं आणि नेवऱ्यांची कढई, ती तुझ्या मशीनमध्ये तशीही मावणार नाहीत. चार माणसं लागली तर अर्ध्या तासात भांडी होतात.

मांडवीकाठ
काकी, ती चार माणसं म्हणजे घरातल्या बायकाच ना? चालू द्या त्याचं मशीन. नवं मशीन पुरं भरून इको प्रोग्रॅमवर लावलं तर साधारण दहा लिटर पाण्यात काम होतं. नळ सोडून घासताना त्याहून कितीतरी जास्त वाहून जातं.

ओहममीटर
'ई आणि दोन आकडे' म्हणजे काहीही असू शकतं. मॅन्युअलमध्ये बघा. काही मशीनमध्ये तळाच्या ट्रेमध्ये गळतीचं पाणी साचलं की थर्माकोलचा फ्लोट वर उचलला जातो, स्विच दाबला जातो आणि ड्रेन पंप थांबतच नाही. तसं असेल तर गळती शोधायची. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण नक्की सांगायला आकडे हवेत.

तोवर प्लग काढा. नुसतं बटन बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. वाटीने आणि स्पंजने पाणी उपसा. फिल्टरच्या खाली खळग्यात पंपाचं झाकण असतं, ते काढून आतलं पातं बोटाने फिरवा. काचेचा तुकडा असू शकतो, तेव्हा जपून. पातं सलग फिरणार नाही, अडत अडत उड्या मारत फिरेल. आत चुंबक असतो, त्यामुळे ते तसंच फिरायला हवं. मीटर असेल तर पंपाच्या दोन टोकांत शंभर-दोनशे ओहमच्या आसपास रोध दिसेल.

साळावलीचं_पाणी
पाणी मऊ करायला मशीनमध्ये मीठ किती घालता? इथे नळाचं पाणी बहुतेक मऊ असतं, त्यामुळे सेटिंग सगळ्यात खाली ठेवलं तरी चालतं. विहिरीचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. जांभ्यातल्या पाण्यात लोह असतं, भांड्यांवर तांबूस डाग येतात आणि ते मिठाने जात नाहीत.

घाईतला_फोंडेकर
मिठाचं मी विचारलंच नव्हतं. आमचं ओपाचं नळाचं पाणी आहे. पातं फिरवलं, अडत अडत फिरतं. खाली शिंपल्याचा तुकडा मिळाला, तो काढला. तरीही तेच.

कुळागर
श्रावणात शिंपला? 🙂

मांडवीकाठ
श्रावण सगळेच पाळतात का? आषाढात खाल्लेल्या तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) असेल, खळग्यात पडून राहिला.

पणजीची_काकी
तिसऱ्या आधी पाण्यात ठेवून वाळू सोडायला लावायच्या, मग निवडायच्या. हल्ली कुणाला वेळ नाही.

ओहममीटर
तिसऱ्यांसाठी वेगळा धागा काढा. फोंडेकर, पातं फिरतंय, पंप नवा आहे, आवाजही येतोय. मग पुढचा रस्ता बघायला हवा. मशीनमागचा ड्रेनचा पाइप सिंकखाली कुठे जोडलाय? तिथून सोडवून टोक बादलीत धरा, प्लग लावा आणि फक्त ड्रेन चालवा. बादली मशीनच्या तळापेक्षा थोडी वर ठेवा, नाहीतर पाणी आपोआपच उतरेल आणि पंपाचं काही कळणार नाही. बादलीत जोरात आलं तर मशीन निर्दोष. पाइप मुडपलाय का तेही बघा.

आणि स्वयंपाकघरात हल्ली काही काम झालं का?

घाईतला_फोंडेकर
काम म्हणजे सिंक बदललं, प्लंबरने खालचा पाइपही नवा टाकला. पण ते सिंकचं काम, त्याचा डिशवॉशरशी काय संबंध? मशीन तर बंदच होतं, आम्ही सगळे सावर्ड्याला होतो. परत येऊन लावलं तर हे.

ओहममीटर
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! सिंकखालच्या नव्या प्लास्टिकच्या सेटला डिशवॉशरसाठी एक नळी बाजूला काढलेली असते. कित्येकदा तिचं तोंड कारखान्यातूनच बंद येतं, आत पातळ चकती असते. मशीन जोडायचं असेल तर ती कापावी लागते. प्लंबरने पाइप नुसता वर चढवून क्लिप आवळली असणार. विजेरी घेऊन आत बघा.

कुळागर
असं कधी ऐकलं नाही. पाइपमध्ये खोबरं असणार.

घाईतला_फोंडेकर
बादलीत पाणी धो धो आलं, जमीनभर झालं. नळीत बघितलं, आत पांढरं प्लास्टिक गच्च बंद. आता कापतो.

घाईतला_फोंडेकर
चाललं!! सुरीने चकती कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या. पाइप सिंकच्या तळाजवळपर्यंत वर उचलून बांधला. ओहममीटर, चवथीला जेवायला या. जुना पंप परत बसवू का नवाच राहू दे?

ओहममीटर
नवाच राहू दे, जुना जपून ठेवा. सांध्यावरून पुसलेलं बोट फिरवून बघा, थेंब नको. पहिले दोन-तीन वॉश होईपर्यंत सिंकखालचं कपाट उघडंच ठेवा. कापलेली चकती बाहेर आली ना? आत पडली असेल तर ट्रॅपमध्ये (सिंकखालच्या वळणदार पाइपमध्ये) अडकेल.

पणजीची_काकी
बरं झालं. पण कढई हातानेच घास हं.

वास्कोचा_वारा
हे वाचून विचारतो. माझ्या मशीनमधून पाणी जातं, पण भांडी ओलीच राहतात. हीटर मागवू का?

ओहममीटर
नवा धागा काढा. मॉडेल नंबर लिहा. आणि अजून काही मागवू नका.