गूगल कॅलेंडरमध्ये तारखेसोबत वर्षातला कितवा दिवस ते कसं दाखवायचं?

प्रश्न: पॅकिंगच्या बॅच नंबरात वर्ष आणि दिवसाचा क्रमांक येतो. उदा. २६०४६ म्हणजे २०२६ चा ४६ वा दिवस, १५ फेब्रुवारी. हा क्रमांक मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये रोज समोर हवा आहे. सेटिंगमध्ये फक्त आठवड्याचे क्रमांक सापडले.

उत्तर १: दिवसाच्या क्रमांकाचं सेटिंग त्यात नाहीच. ३६५ ऑल-डे नोंदी स्वतः भरायच्या, पण हाताने नव्हे. गूगल शीटमध्ये ए१ ला 'स्टार्ट डेट', बी१ ला 'सब्जेक्ट' असे मथळे द्या. ए२ मध्ये १ जानेवारी २०२६ टाका, ए३ मध्ये =ए२+१, आणि ३६६ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. बी२ मध्ये हे सूत्र टाकून तेही तितकंच खाली ओढा:

=टेक्स्ट(ए२-डेट(ईयर(ए२),१,०),"०००")

(मथळे, सूत्र, आकडे सगळं इंग्रजीतच टाइप करायचं.) जानेवारीचा शून्यावा दिवस म्हणजे आदल्या वर्षाचा ३१ डिसेंबर, म्हणून वजाबाकी बरोबर १ पासून सुरू होते.

मग शीट सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) म्हणून उतरवा. कॉम्प्युटरवर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये आधी नवं वेगळं कॅलेंडर बनवा आणि इम्पोर्ट करताना तेच निवडा. मुख्य कॅलेंडरमध्ये ओतलंत तर नंतर एकेक नोंद पुसत बसाल.

उत्तर २: वरच्यात एक खड्डा आहे. तारखेचा कॉलम महिना/दिवस/वर्ष अशा फॉरमॅटमध्ये करून घ्या. आपल्या सवयीने दिवस आधी राहिला की ५ मार्च जाऊन बसतो ३ मे ला, आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी घेतल्याच जात नाहीत. उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, ०४६ चं ४६ होतं. नव्या कॅलेंडरची ऑल-डे नोटिफिकेशनंही तपासा, नाहीतर फोन रोज वाजेल.

प्रश्नकर्ता: झालं, धन्यवाद. दरवर्षी हे करण्यापेक्षा नोंदी वार्षिक रिपीटवर टाकल्या तर?

उत्तर २: नको. १ मार्च यंदा ०६०, पण २०२८ लीप वर्ष, तेव्हा ०६१. तिथून डिसेंबरपर्यंत प्रत्येक बॅच एका दिवसाने चुकेल. ए२ मधलं वर्ष बदलून नवी फाइल करा, काम पाच मिनिटांचं. २०२८ साठी मात्र ३६७ व्या ओळीपर्यंत ओढायचं.